आभारापुरती बाई

बोईसरच्या सभेत माईक माझ्या हातात होता. म्हणून हे संपादकीय मलाच लिहावं लागतंय.

सभा आपलीच होती. तीन जानेवारीची, सावित्रीमाईच्या जयंतीची. पत्रकावर सात वक्ते, सातही बुवा. खाली बारीक टाईपात छापलं होतं : ‘आभार – महिला आघाडी’. बाईचं नाव नाही, नुसती आघाडी. आणि मंडपात? पुढं सतरंजीवर सगळ्या बायाच. तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या, सकाळी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, सालवड-पास्थळच्या चाळीतल्या, पालघरहून लोकलनं आलेल्या. सतरंज्या त्यांनीच घातलेल्या. चहाचं पातेलं त्यांनीच चढवलं. वर्गणीच्या पन्नास-शंभराच्या नोटासुद्धा त्यांच्याच पदराच्या गाठीतून सुटलेल्या.

पाचवा वक्ता मनूला तिसऱ्यांदा जाळत होता तेव्हा पुढच्या रांगेतून एक मावशी उठली. ठेकेदाराकडं पंधरा वर्षं बाटल्यांना लेबलं लावणारी बाई. स्टेजच्या कडेला आली नि मला म्हणाली, “भाऊ, आभार मानायला माझं नाव घातलंय म्हनं. मला आभार नाय मानायचे. मला बोलायचंय.”

मी काय म्हटलं? मी म्हटलं, “मावशी, वेळ कमीय. शेवटी घेऊ.”

शेवटी म्हणजे कधी, तर सातवा वक्ता संपल्यावर. तोवर बायांना गाडी गाठायची होती, घरी भाकरी थापायच्या होत्या. मंडप रिकामा झाला. मावशी पण गेली. मग आभार मीच मानले. ‘मोठ्या संख्येने उपस्थित राहिलेल्या माताभगिनींचे.’ रिकाम्या सतरंजीकडं बघून.

दोस्तहो, त्या रात्रीपासून एक गोष्ट माझ्या टाळक्यातून जात नाही. शाळा काढणारी बाई आपल्याला चालते. शेण झेलणारी चालते. सोसणारी, रडणारी, लेकराला चळवळीत पाठवणारी तर फारच चालते, तिच्यावर कविता होतात. मी पण केल्यात. पण पक्षाच्या बैठकीत ठराव मांडणारी, उमेदवार कोण ते ठरवणारी, तुमचा हिशेब चुकलाय म्हणून वही पुढं ओढणारी बाई आली की आपल्या घशात काटा अडकतो. सातही वक्ते त्या दिवशी शाळेपाशीच थांबले. जणू भिडेवाड्याची पायरी उतरून बाई पुढं कुठं गेलीच नाही.

ती गेली होती. पक्षात गेली, तुरुंगात गेली, सभागृहात गेली. हा इतिहास आपल्याला पाठ नाही, कारण तो पाठ केला तर आपल्याला स्टेजवरून उतरावं लागेल.

जरा लांबून येतो. बाबासाहेब 1913 च्या जुलैत न्यूयॉर्कला उतरले हे आपण शाळकरी पोरासारखं घडाघडा म्हणतो. त्याच्या अकरा महिने आधी त्याच देशात, शिकागो शहरात, एक नवा पक्ष जन्माला आला. प्रोग्रेसिव्ह पक्ष. म्हणजे पुरोगामी. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपल्या जुन्या पक्षाशी भांडून बाहेर पडला होता, तो या पक्षाचा उमेदवार. 1912 चा ऑगस्ट महिना. आणि त्याच्या नावाला भर अधिवेशनात अनुमोदन द्यायला उभी राहिली एक बाई. जेन ॲडम्स.

ही ॲडम्सबाई शिकागोच्या गरीब वस्तीत 1889 पासून ‘हल हाऊस’ नावाचं घर उघडून बसली होती. परदेशातून पोट भरायला आलेले मजूर, त्यांची कारखान्यात राबणारी पोरं, शिवणकामात डोळे गेलेल्या बाया, असं सगळं तिच्या दारात. तिला नि तिच्या बरोबरीच्या सुधारक बायांना एक गोष्ट कळून चुकली होती. दारात आलेल्याला पाव देऊन भागत नाही, पाव महाग करणाऱ्या कायद्याला हात घालावा लागतो. म्हणून त्या पक्षात घुसल्या. नुसत्या टाळ्या वाजवायला नाही. बायांना मताचा हक्क, बालमजुरीला बंदी, कामगार बायांना किमान वेतन, आठ तासांचा दिवस, आजारपणाचा आणि म्हातारपणाचा विमा हे सगळं पक्षाच्या जाहीरनाम्यात आलं, त्यामागं या बायांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. फ्रान्सिस केलर नावाची दुसरी एक बाई, तिच्या हातात निवडणुकीनंतर पक्षाचं एक अख्खं खातंच होतं. आकडे गोळा करायचे, कायद्याचे मसुदे घडवायचे, लोकांना समजावायचे.

आणि गंमत बघा. शिकागो ज्या इलिनॉय राज्यात, तिथं बाईला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मतच नव्हतं. ॲडम्सबाईनं उमेदवाराला अनुमोदन दिलं, त्याच्यासाठी गावोगाव भाषणं ठोकली आणि नोव्हेंबरात मतपेटी आली तेव्हा ती बाहेर. ते मत तिच्या राज्यात 1913 साली मिळालं, देशभरात 1920 साली.

इथवर वाचून टाळी वाजवावीशी वाटते. थांबा. त्याच अधिवेशनाच्या दारात आणखी कोणी उभं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून निवडून आलेले काळे प्रतिनिधी. त्यांना आत घेतलं नाही. उत्तरेतले थोडे काळे प्रतिनिधी आत बसले होते, पण दक्षिणेत गोऱ्यांची मतं पाहिजेत म्हणून रूझवेल्टनं तिथल्या काळ्यांना दाराबाहेर ठेवलं. डुबॉईस या काळ्या विद्वानानं समान हक्काचं एक कलम लिहून पाठवलं होतं, तेही जाहीरनाम्यात घेतलं नाही. ॲडम्सबाई काय अडाणी नव्हती. काळ्यांच्या हक्कासाठी 1909 साली निघालेल्या संघटनेच्या संस्थापकांत तिचं नाव आहे. तिला हे टोचलं. डुबॉईसच्याच ‘क्रायसिस’ मासिकात 1912 च्या नोव्हेंबरात तिनं लेख लिहून आपली बाजू मांडली. पण टोचूनही ती राहिली पक्षातच. कार्यक्रम मोठा आहे, एवढी एक गोष्ट पोटात घालू, असा तो हिशेब. ‘एवढी एक गोष्ट’ म्हणजे काय, तर माणसं.

आणि ती माणसं पोटात घालून निवडणूक जिंकली का? नाही. रूझवेल्टला 27 टक्के मतं पडली, विल्सन जिंकला. विल्सनला मत द्या म्हणून डुबॉईसनं सांगितलं होतं, त्या विल्सननं गादीवर बसल्यावर सरकारी कचेऱ्यांत काळ्यांची टेबलं वेगळी केली. काळ्या माणसाला दोन्हीकडून थप्पड. 1916 पर्यंत तो पुरोगामी पक्ष पण आटोपला.

यातली सगळ्यात तिखट गोष्ट पुढं आहे. 3 मार्च 1913, वॉशिंग्टन. बायांच्या मताधिकारासाठी प्रचंड मोर्चा. त्यात आयडा वेल्स. काळी बाई, पत्रकार, झाडाला टांगून काळ्यांना मारणाऱ्या झुंडींविरुद्ध आयुष्य घातलेली. तिला सांगण्यात आलं, तू मागं चाल, काळ्यांच्या रांगेत. बायांचाच मोर्चा, हक्काचाच मोर्चा, आणि मागं चाल! आयडा मागं गेली नाही. रस्त्याच्या कडेच्या गर्दीत उभी राहिली आणि इलिनॉयच्या गोऱ्या बायांची तुकडी समोरून आली तशी सरळ आत शिरून त्यांच्या बरोबरीनं चालू लागली.

हे वाचलं तेव्हा मला नागपूर आठवलं.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायांच्या उंबऱ्यावर बसून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 साली काढलं. ज्याच्या खोलीत ते नाही त्यानं स्वतःला कार्यकर्ता म्हणवू नये. त्यात जाईबाई चौधरी भेटतात. नागपूरच्या. ही बाई स्टेशनावर हमाली करायची. मी गोदीत जहाजातल्या मालाच्या साखळ्या सोडतो, ओझं काय असतं ते मला कोणी शिकवू नये. डोक्यावर ओझं घेतलेला माणूस वर बघत नाही, पायाखालची फूटभर जमीन बघतो. जाईबाईनं त्या ओझ्याखालून वर बघितलं. एका मिशनरी बाईनं तिला मास्तरीण केलं, तर अस्पृश्य बाई शिकवते म्हणून लोकांनी पोरं काढून घेतली आणि नोकरी गेली. मग तिनं 1922 साली आपल्या पोरींसाठी चोखामेळ्याच्या नावानं स्वतःच शाळा काढली.

1937 च्या अखेरीला नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. शिकल्यासवरल्या, सुधारक, पुरोगामी बायांची परिषद. जाईबाई गेल्या. ठराव ऐकले असतील, भगिनीभाव ऐकला असेल. जेवायची वेळ झाली आणि पंगत वेगळी लागली. आमच्या बायांना लांब बसवलं.

वॉशिंग्टनला मोर्चात मागं चाल. नागपूरला पंगतीत लांब बस.

जाईबाई न जेवता घरी येऊन रडत बसल्या असत्या तर आपल्याला कवितेला विषय झाला असता. त्यांनी तसं केलं नाही. 1 जानेवारी 1938 ला नागपुरात आपल्या बायांनी जाहीर निषेधसभा घेतली. सुधारकी बायांच्या मांडवात जागा मागायची नाही, स्वतःचा मांडव घालायचा, ही गोष्ट त्या घटनेनंतर पक्की होत गेली असं मला वाटतं. कारण साडेचार वर्षांत त्याच नागपुरात जे झालं त्याला तोड नाही.

1942 चा जुलै. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना. त्याच मांडवात 20 जुलैला दलित महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, अमरावतीच्या. आणि बाया किती? वीस-पंचवीस हजार. नागपूरच्या गिरणीतल्या, विड्या वळणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, शेतावरच्या. बाबासाहेबांचं एक वाक्य आपण प्रत्येक बॅनरवर छापतो, समाजाची प्रगती बाईच्या प्रगतीवरून मोजतो असं सांगणारं. ते वाक्य म्हटलं गेलं ते या बायांच्या पुढ्यात, या परिषदेत. बॅनरवर वाक्य राहिलं, फोटोत बाबासाहेब राहिले, आणि ज्यांच्या समोर ते बोलले त्या पंचवीस हजार बाया आपण कापून टाकल्या.

त्यांनी त्या दिवशी मंजूर केलेले ठराव वाचा. नवरा नको झाला तर कायद्यानं काडीमोड. एकीवर दुसरी करायला बंदी. गिरणी, विडी, नगरपालिका, रेल्वे इथं राबणाऱ्या बायांना वर्षाला 21 दिवस किरकोळ रजा, महिनाभराची हक्काची रजा, दुखापत झाली तर भरपाई, वीस वर्षं नोकरीनंतर पेन्शन. बायांवर देखरेखीला बाईच मुकादम पाहिजे. मुलींसाठी सरकारी खर्चानं वसतिगृहं. आणि विधिमंडळात, लोकल बोर्डात, नगरपालिकेत बायांसाठी जागा राखून ठेवा. पक्ष दोन दिवसांचा, अजून डोळे उघडतोय, आणि त्याच मांडवात बायांनी त्याच्यापुढं हे सगळं ठेवलं. शिकागोच्या बायांनी मागितलं होतं त्यातलं बरंचसं इथं आहे. फरक एवढाच की शिकागोच्या मांडवात सुधारक बाई दुसऱ्यासाठी बोलत होती आणि नागपूरच्या मांडवात जिच्या अंगावर बेततं तीच बोलत होती. हा एवढाच फरक माझ्या लेखी सगळा फरक आहे.

काही कॉम्रेड म्हणतील, मग आपल्या पालघरची गोदाराणी विसरलास काय? नाही विसरलो.

गोदावरी परुळेकर. माहेरच्या गोखले, पुण्याच्या. महाराष्ट्रातली पहिली वकील झालेली बाई म्हणून त्यांचं नाव घेतात. आधी भारत सेवक समाजात, म्हणजे नेमस्तांच्या सुधारणेच्या वाटेवर. 1938 च्या सुमारास मुंबईत घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. मग ती वाट अपुरी पडली म्हणून लाल बावटा हातात घेतला. त्यांचा जोडीदार शामराव परुळेकर. हा माणूस 1937 च्या निवडणुकीत मुंबईच्या विधानसभेत गेला तो बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून! खोती मोडायला 1938 च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईच्या कौन्सिलवर चालून गेले, त्या लढ्यातला. निळ्याची नि तांबड्याची सोयरीक या जिल्ह्याच्या लढ्यात अशी मुळातच आहे. आजकाल दोन्हीकडचे पुढारी एकमेकांची तोंडं बघत नाहीत, त्यांनी हे लिहून ठेवावं.

1945 च्या 23 मे ला तलासरीजवळ झरीला सभा झाली. डहाणू-उंबरगावचे वारली हजारोंनी जमले आणि वेठबिगारी मोडायचं ठरलं. लग्नगडी माहीत आहे? लग्नाला सावकाराकडून थोडे रुपये घेतले म्हणून जन्मभर त्याचा गुलाम झालेला माणूस, आणि त्याची बायको पण सावकाराच्या मर्जीची. झरीनंतर लग्नगडी सुटू लागले. ऑक्टोबर 1945 मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, पाच वारली पडले. गोदावरीबाईंना जिल्ह्याबाहेर काढलं. पुढं 1986 साली अखिल भारतीय किसान सभेच्या त्या अध्यक्ष झाल्या, त्या जागी बसलेली पहिली बाई. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक 1970 साली आलं, 1972 साली त्याला साहित्य अकादमी मिळालं.

मी या बाईपुढं मान झुकवतो. जेन ॲडम्सनं टोचलेलं पोटात घातलं, गोदावरीबाईंनी तसली तडजोड केली नाही. त्या वारल्याच्या झोपडीत जेवल्या, झोपल्या, त्याच्या बरोबर पोलीस अंगावर घेतला. तरी एक सवाल मनात राहतो तो राहतोच. गोदाराणी हे नाव तलासरीच्या घराघरात आहे. पण ज्या वारली बायांनी त्यांना जंगलातून वाट दाखवली, भाकर दिली, पोलिसाला खोटी दिशा सांगितली, त्यातल्या किती जणींचं नाव आपल्याला येतं? मला एकही येत नाही. मी या जिल्ह्यातला आहे. राणीचं नाव राहिलं. हा दोष राणीचा नाही, नावं लिहून ठेवणाऱ्यांचा आहे. आणि नावं लिहून ठेवणारे म्हणजे आपणच, पत्रकं छापणारे.

आपल्या घरची राणी नव्हती, शांताबाई दाणी होत्या. नाशिकच्या. दादासाहेब गायकवाडांनी त्यांना चळवळीत आणलं. 1946 साली पुणे कराराविरुद्ध फेडरेशननं पुण्यात सत्याग्रह केला त्यात तुरुंगात गेल्या. दहा पोरांपुढं बोलायला उठलो तरी माझे पाय कापतात. ही पोरगी तेव्हा पक्षाची जबाबदारी घेऊन गावोगाव फिरत होती, तेही लग्नाशिवाय, एकटी. लोक काय बोलले नसतील? 1964 च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह देशभर पेटला, तुरुंग कमी पडले. कडेवर पोर घेऊन आपल्या आज्या आत गेल्या. 1968 साली शांताबाई विधान परिषदेवर गेल्या. ‘रात्रंदिन आम्हा’ हे त्यांचं आत्मकथन मिळवून वाचा. भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या त्या आज्यांपैकी किती जणींना रिपब्लिकन पक्षानं तिकीट दिलं, हा प्रश्न ज्याला झोंबेल त्याला झोंबू दे. तुरुंगात जायला बाई, तिकिटाला बुवा.

आणि आपण? 1972 साली पँथर निघाली. संस्थापक म्हणून जी नावं आपण छाती फुगवून घेतो त्यात एक तरी बाई सांगा. आपल्या आयाबहिणींच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याचा हात कलम करू, अशी भाषा होती. बावड्याचा बहिष्कार, गावागावातले बलात्कार, त्यावर आपण पेटून उठलो, ते बरोबरच होतं. पण बाई आपल्या जाहीरनाम्यात आली ती अत्याचार झालेली म्हणून. कार्यकारिणीत आली नाही. 1984 साली मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आलं आणि चळवळीच्या घराचं आतलं दार उघडं पडलं. तेव्हा आपल्यातल्या शहाण्यांनी काय केलं? पुस्तकाला उत्तर द्यायचं सोडून दार ओढून घेतलं.

माझी स्वतःचीच गोष्ट. शिकागोच्या दारात काळ्यांना अडवणाऱ्याला मी दोन पानं शिव्या घालू शकतो. नागपूरच्या पंगतीतल्या सुधारक बायांना पण. पण बोईसरच्या स्टेजच्या पायरीवर माईकची वायर धरून कोण उभा होता? तिथं ना रूझवेल्ट होता, ना कुठली बामणीण. मी होतो. ‘मावशी, शेवटी घेऊ.’

चार दिवसांनी मी मावशीच्या खोलीवर गेलो. काय बोलणार होतीस म्हणून विचारलं. ती आधी बोलायलाच तयार नव्हती. “तेव्हा येळ नव्हता, आता कसा काय येळ निघाला?” मग बोलली. तिची सून एका ठेकेदाराकडं. पोट पुढं आलं तसं पंचाहत्तराव्या दिवशी तिचं नाव हजेरीबुकातून कमी केलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या ठेकेदाराच्या नावानं परत घेतलं. खातं तेच, यंत्र तेच, बाई तीच, नाव नवं. का? तर बाळंतपणाची पगारी रजा मिळायला आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरावं लागतं.

बाबासाहेब 1928 च्या जुलैत मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलावर बोलायला उभे राहिले होते. गिरणीतल्या बाईला ती विश्रांती मिळालीच पाहिजे आणि खर्चाचा भार सरकारनं पण उचलावा, अशी बाजू त्यांनी मांडली. 1929 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. 1961 साली देशाचा कायदा आला, 2017 साली रजा 26 आठवड्यांची झाली, पुढं ते सगळं 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं. कायद्यानं शंभर वर्षं अंतर तोडलं आणि बोईसरच्या एका खात्यात पाच दिवस कमी पडले! मनूवर सात भाषणं झाली त्या मांडवात हे पाच दिवस कोणी मोजले नाहीत. ज्या बाईनं मोजले होते तिला मी खाली बसवलं.

मी मावशीला म्हटलं, पुढच्या सभेत तू बोल. ती म्हणाली, “मी एकटी बोलून काय व्हनार? बैठकीत बसवा. पत्रक काढायच्या आधी बसवा. काढल्यावर बोलवून काय उपयोग?” नागपूरच्या ठरावांत जे होतं तेच ही बाई बोलत होती. तिनं ते ठराव ऐकलेले पण नाहीत. जाता जाता म्हणाली, “आनि तुझी आय कधी सभेला येत नाय ती?” घरी येऊन आईला विचारलं. ती कपडे वाळत घालत होती, माझेच. म्हणाली, “मला कोनी बोलावलंय कधी?”

2023 साली 106वी घटनादुरुस्ती झाली, लोकसभा-विधानसभेत बायांना एक तृतीयांश जागा, त्यात दलित-आदिवासी बायांचा वाटा आत. पण जनगणना होऊ दे, मतदारसंघ नव्यानं पडू दे, मग, असं त्यातच लिहून ठेवलं. म्हणजे ‘मावशी, शेवटी घेऊ.’ गल्लीतलं सांगतो. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायत-पालिकेत निम्म्या जागा बायांच्या. तिथं आपले पठ्ठे काय करतात? बायकोचं नाव भरतात, सहीपुरती पुढं करतात आणि खुर्चीवर स्वतः बसतात. निळा झेंडा लावलेल्या घरात पण हेच. मी नावं घेत नाही. वाचणारे ओळखतील, काही जण स्वतःलाच ओळखतील.

या अंकाच्या संपादक मंडळात पाच नावं आहेत. पाचही बुवांची. त्यातलं एक माझं. मित्रांनी म्हटलं, बायांनी लिहून आणावं, आपण छापू, कोण अडवतंय? हे उत्तर मी ऐकलंय. वेळ कमी आहे म्हणणारा पण अडवत नसतोच. नऊ तास लेबलं लावून, गाडीत उभं राहून, पाणी भरून, भाकरी थापून जिला रात्री अकराला पाठ टेकायला मिळते तिनं फुलस्केपवर समास सोडून लिहून आणावं, असं म्हणणारा माणूस दार उघडं ठेवतो आणि उंबरा गळ्याइतका बांधतो. पुढच्या अंकात हे पान मावशीचं. ती सांगेल, मी लिहून घेईन, तिला वाचून दाखवीन. तिनं हो म्हटलं तर छापू. शुद्धलेखन तिच्या तोंडचं राहील.

बाकीचं बैठकीत ठरवायचंय, मी एकट्यानं ठरवून भागत नाही. येत्या रविवारी बोईसरला नेहमीच्या खोलीवर, दुपारी तीनला. साडेसहाला नाही, बायांना गाडी गाठायची असते. दोन ठराव मी लिहून आणतोय. एक, बोईसर-पालघर कमिटीत निम्म्या बाया, आणि पैशाची वही त्यांच्याकडं. दोन, पालिकेला आपण नावं देणार असू तर ती नावं आधी बायांच्या सभेत वाचायची. ज्याला विरोध करायचाय त्यानं खोलीवर येऊन तोंडावर करावा, मागाहून चहाच्या टपरीवर नको. पंचाहत्तर दिवसांत कमी केलेल्या बायांची यादी पण त्याच दिवशी घ्यायला लागू. मावशीकडं नऊ नावं आहेत. तुमच्या चाळीतली घेऊन या, हजेरीचा कागद, पगाराची चिठ्ठी, जे असेल ते.

चहा कोण करणार ते अजून ठरलेलं नाही. बुवांनी नावं द्यावीत.

जय भीम.